ढोलीतलं सोडण

साळुंकीच्या ढोलीत सोडण मी कोंबलं होतं. हे वाक्य आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढे आडवळण घ्यायला मला जागा राहणार नाही. सोडण म्हणजे नारळ सोलल्यावर निघणारी जाड, केसाळ साल. चुलीला लागते म्हणून आमच्या न्हाणीच्या मागे तिचा ढीग असतो. त्या ढिगातला एक तुकडा घेऊन मी शिडीवर चढलो आणि एका पाखराच्या घराचं तोंड बंद केलं. आत पिल्लं होती. ती मेली. आणि वर्षभर त्याचा आळ माझ्या चुलतभावावर राहिला, कारण मी बोललो नाही.

मालवणपासून थोडं आत आमची वाडी आहे. आमचं आणि दादाचं घर शेजारी शेजारी. दादा म्हणजे माझ्या थोरल्या काकांचा मुलगा. दोन्ही घरांच्या मागच्या अंगणात, ज्याला आम्ही मागीलदार म्हणतो, मधोमध एक चिऱ्यांचा गडगा, म्हणजे बुटकी दगडी भिंत आहे. मध्येच एका ठिकाणी तो पायरीसारखा खाली उतरवलेला आहे. तिथून वहिनीची आमटी आमच्याकडे यायची, आमचे फणसाचे गरे त्यांच्याकडे जायचे. गडग्याला लागून, आमच्या बाजूला, एक माड होता. सोंड्या भुंग्याने त्याचा शेंडा खाल्ला आणि उरलं ते नुसतं उभं खोड. ते थोडं दादाच्या गोठ्याकडे कललेलं.

त्या खोडात सुतार पक्ष्याने एक ढोली कोरली. पुढच्या हिवाळ्यात तिच्याखाली दुसरी कोरली आणि तो निघून गेला. मग खरी गंमत सुरू झाली. पोपट आले, वरच्या ढोलीत डोकी घालून बघून गेले. साळुंक्या आल्या. दयाळाची जोडी आली. शेवटी वर साळुंक्या राहिल्या, खाली दयाळ. मी तालुक्याच्या एका कचेरीत कारकून आहे. सकाळची एसटी येईपर्यंत आणि संध्याकाळी घरी आल्यावर मी मागीलदारी स्टूल टाकून बसायला लागलो. आधी चहापुरता, मग चहा संपला तरी.

दयाळ मला आवडायचा. काळापांढरा, शेपूट वर करून खोडाच्या टोकावर बसायचा आणि उजाडायच्या आधीपासून गायचा. एका सकाळी गायलेलं दुसऱ्या सकाळी तसंच्या तसं गात नसे. साळुंकी मला आवडत नसे. पिवळ्या डोळ्यांनी रोखून बघायची, मान खालीवर करत भांडायची, आणि ढोलीत काय वाटेल ते कोंबायची. सुतळी, प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा, एकदा तर सापाची कात. माझ्या मनात मी वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंना वाईट आणि खालच्यांना चांगलं ठरवून टाकलं होतं. पाखरं बघतो असं मी म्हणायचो. खरं तर मी न्याय करायला बसायचो.

दादाला त्या माडाची भीती वाटायची आणि ती खोटी नव्हती. तो गडग्यावर कोपरं टेकून उभा राहायचा.

"काय रे, हाफिसात हजेऱ्या घेवन पोट भरना नाय, म्हणान हयसर पाखरांची हजेरी घेतस?"

"बस रे दादा. बघ, दयाळीण काड्या आणता."

"दयाळीण काड्या आणता आणि तुझो माड माझ्या गोठ्यार येता. पाड तो. उद्या म्हशीची कंबर मोडली तर तुझो दयाळ दूध देतलो?"

"पावसाच्या आधी पाडतंय. पिल्लां उडान जांवदेत."

"नायतर मीच एक दिवस ढोली बुजवन टाकतंय. पाखरां गेली काय तुझोय जीव सुटलो, माझोय."

तो हसत होता. माझी बायको तिथेच कपडे वाळत घालत होती. तिने हे ऐकलं. मीही ऐकलं, आणि कबूल करतो की ढोली बुजवता येते हा विचार माझ्या डोक्यात पहिल्यांदा दादाच्या त्या थट्टेनेच आला.

त्या उन्हाळ्यात साळुंक्यांनी दयाळांना सळो की पळो करून सोडलं. दयाळीण काडी घेऊन आली की वरून साळुंकी तिच्यावर झेपावायची. खालच्या ढोलीतलं गवत बाहेर ओढून खाली टाकायची. एका रविवारी दुपारी मी हे बघत होतो. बायको आत झोपली होती, दादा बाजारात गेला होता. दोन्ही साळुंक्या कुठेतरी उडून गेल्या. मी न्हाणीमागून शिडी आणली, वर चढलो आणि सोडणाचा तुकडा वरच्या ढोलीत मुठीने ठोकून बसवला. आत हात घालून बघितलं नाही. बघावंसं वाटलं नाही, कारण साळुंक्या अजून घरटंच बांधताहेत असं मी ठरवलं होतं. गेले काही दिवस त्या चोचीत काय घेऊन जात होत्या हे मी नीट पाहिलंच नव्हतं. सुतळी आणि प्लास्टिक तेवढं माझ्या लक्षात राहायचं.

संध्याकाळी त्या दोघी सोडणाला लटकून ओरडत राहिल्या. कंटाळून जातील, मी म्हटलं.

सोमवारी सकाळी चहाचा कप हातात होता. साळुंकी आली, सोडणाच्या केसांना धरून लटकली, आणि तिच्या चोचीत नाकतोडा होता. पाय हलवणारा, जिवंत. ती तो आत देऊ बघत होती. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, मग खालून. तेव्हा मला कळलं.

पुढचं लिहायला मला सगळ्यात जड जातं. त्या क्षणी शिडी लावली असती तर कदाचित काही वाचलं असतं. पण बायको अंगण झाडत होती. गडग्यापलीकडे दादा म्हैस पिळत होता. शिडी आणायची म्हणजे ढोलीत सोडण कसं आलं ते सांगावं लागलं असतं. मी चहा संपवला, कपडे केले आणि एसटी पकडून कचेरीत गेलो. दिवसभर तिथे बसून सह्या घेतल्या आणि डोळ्यांसमोर नाकतोड्याचे पाय हलत राहिले.

संध्याकाळी आलो तेव्हा बायको देवळात गेलेली. मी शिडी लावली. सोडण घट्ट बसलं होतं. जोर लावून ओढलं तसं ते हातातून सुटलं आणि गडग्यापलीकडे पडलं. आत पिल्लं होती, पंख फुटायला नुकती सुरुवात झालेली. ढोलीत हात घातला तर आतली हवा तापलेल्या तव्यासारखी. मी ती पिल्लं कढीपत्त्याच्या बुंध्याशी पुरली. सोडण उचलायला पलीकडे जाणार, तोच वहिनी गोठ्यात आली. मी मागे फिरलो.

दुसऱ्या सकाळी बायकोला ते सोडण दिसलं. त्याला घरट्याचं गवत आणि मऊ पिसं चिकटलेली. ते दादाच्या बाजूला पडलेलं.

"बघितलात?" ती माझ्याकडे आली. "ह्या दादांनीच केल्यानी. त्या दिवशी बोललेलेच, ढोली बुजवतंय म्हणान."

माझ्या तोंडून फक्त एवढंच आलं, "कोणाक म्हायत."

कचेरीत माझी एक भाषा आहे. तिथे कोणीच काही करत नाही, सगळं 'करण्यात येतं'. मी त्या दिवशी मनात तसंच बोलत होतो. ढोलीचं तोंड बंद करण्यात आलं. पिल्लं दगावली. कर्ता कुठेच नाही.

विहीर दोन्ही घरांत सामायिक आहे. बायकोला राग आला की ती कळशीशी बोलते. त्या दुपारी ती पाणी ओढता ओढता मोठ्याने म्हणाली, "मुक्या जिवाचो शाप लागता हां."

वहिनी तिथेच होती. "कोणाक म्हणतस गो?"

"जेका लागात, तेका."

वहिनीने अर्धी भरलेली कळशी उचलली आणि गेली. दुसऱ्या दिवशी गडग्याच्या उतरत्या जागेवर बोरीची काटेरी फांदी आडवी टाकलेली होती.

दादाने एकदाच विचारलं. मी एसटीला निघालो होतो, तो रस्त्यावर गाठून म्हणाला, "काय रे, तुकाय तसाच वाटता? मियां केलंय?"

"माका काय म्हायत नाय, दादा," मी म्हणालो.

तो म्हणाला, "बरा," आणि वाटेतून बाजूला झाला. पिल्लं मारण्यापेक्षा हे वाक्य मोठं पाप होतं असं मला आज वाटतं. पिल्लं मी न बघता मारली. हे मी त्याच्या डोळ्यांत बघून बोललो.

पावसाच्या आधी माड पाडायचा होता. मी पाडला नाही. पाडला असता तर पाखरांचं घर मोडल्याचा जो आळ दादावर होता, तेच शेवटी मी उघडपणे केलं असं झालं असतं. एवढं मात्र केलं: जाड तारेने ते खोड आमच्या फणसाला ताणून बांधलं, म्हणजे पडलंच तर आमच्या अंगणात पडेल. दादा आमच्याशी बोलत नव्हता, पण म्हशीशी बोलायला त्याला कोणाची बंदी नव्हती.

"बघ गो," तो गोठ्यातून म्हणाला, मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने, "तकडे माडाक दावा लायल्यानी. उद्या पिळूक बसतले."

मला हसू आलं आणि हसायचा हक्क आपल्याला नाही हेही लगेच आठवलं.

थंडीत, भात घरात आल्यावर, दोन्ही घरांची मिळून राखण असते. आमच्या जमिनीच्या कोपऱ्यात राखणदाराचा दगड आहे. त्याला कोंबडा द्यायचा, नारळ फोडायचा आणि गाऱ्हाणं घालायचं. एकाने देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला होकार भरायचा. बोलणं बंद असलं तरी राखण कोणी चुकवत नाही. दादा आला. गाऱ्हाण्याची पाळी त्या वर्षी माझी होती.

मी हात जोडून सुरू केलं. सालाबादप्रमाणे राखण दिली ती मान्य करून घे.

"व्हय म्हाराजा!"

गुराढोरांना, पोराबाळांना सांभाळ.

"व्हय म्हाराजा!"

मग ते वाक्य आलं जे दरवर्षी असतंच. "जाणता-अजाणता लेकरांच्या हातून काय चुकला माकला आसात, ता पोटात घाल." मी तिथे थांबलो. मनात म्हटलं, हे त्या पिल्लांसाठी. हे दादासाठी.

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. माझ्या पाठीमागे दादाचा आवाज सगळ्यांपेक्षा मोठा होता, नेहमीसारखा.

त्या दिवशी मी हलका होऊन घरी आलो. जेवलो, झोप लागली. देवासमोर बोललो, दादाच्या कानावर पडलं, अजून काय हवं? आणखी काही दिवस गेल्यावर ते हलकेपण आपोआप उतरलं. चुकला माकला हे आम्ही सगळेच म्हणतो. ज्याच्याकडून काहीच चुकलं नाही तोही म्हणतो. मी माझी चूक अशा जागी नेऊन ठेवली होती जिथे ती कोणालाच दिसणार नव्हती, आणि वर त्याला दादाकडून होकार भरून घेतला होता.

उन्हाळा आला. मी स्टूल पुन्हा मागीलदारी ठेवलं आणि मनाशी ठरवलं: या वर्षी बघायचं, हात लावायचा नाही. कोण जिंकतं, कोण हरतं, माझा संबंध नाही. शिडी मी माळ्यावर चढवून टाकली.

साळुंक्यांची जोडी आली. त्याच की दुसऱ्या, मला ओळखता येत नाही. वरची ढोली घेतली. दयाळांनी खालची घेतली, आणि पुन्हा तेच सुरू झालं. एका सकाळी साळुंकीने दयाळांचं सगळं गवत उपसलं. दयाळ नर पंख पाडून, शेपूट पसरून तिच्या अंगावर गेला. दोघं पायात पाय अडकवून खाली आली आणि माझ्यापासून हातभर अंतरावर धुळीत लोळली. एक टाळी वाजवली असती तरी सुटली असती. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो. साळुंकी वर होती. दयाळ सुटला आणि उडाला. धुळीत दोन पिसं राहिली. त्या सकाळी मला नाकतोड्याचीही आठवण झाली, आणि साळुंकी चोचीत अळी घेऊन वरच्या ढोलीत शिरली तेव्हा बरं वाटलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी.

काही दिवस गाणं ऐकू आलं नाही. मग एका पहाटे आलं, पण गडग्यापलीकडून. दादाच्या गोठ्याच्या भिंतीत एक अर्धा चिरा निखळून भोक पडलंय. दयाळांनी तिथे संसार थाटला होता. मला माझ्या स्टुलावरून अर्धंच दिसायचं. दयाळीण आत जाताना, नर गोठ्याच्या वाशावर. संध्याकाळी दादा डासांसाठी म्हशीपाशी धूर करतो. त्याचं घमेलं वर्षानुवर्षं त्याच भिंतीशी असायचं. एक दिवस बघितलं तर ते दुसऱ्या टोकाला गेलं होतं. म्हैसही तिकडे बांधलेली. दादाने हे कोणाला सांगितलं नाही. मला तर सांगायचा प्रश्नच नव्हता.

आदल्या वर्षी मी ज्या दयाळांसाठी हे सगळं केलं, ते दादाच्या आसऱ्याला गेले होते. मी रोज ठरवायचो, आज पलीकडे जायचं. रोज एसटीची वेळ व्हायची.

मग ती सकाळ आली. दयाळ वेगळंच ओरडत होते, गाणं नाही, खरखर. गोठ्याच्या जमिनीवर घरट्याचं गवत पसरलेलं. पिल्लांच्या चिवचिवाटाचा आवाज थांबलेला. धामण असेल, मांजर असेल, भारद्वाज असेल. मी काही पाहिलं नाही, त्यामुळे कोणी नेली ते मला आजही माहीत नाही. पण बायकोला माहीत होतं.

"ह्या वर्साक पण केल्यानी!" ती गडग्याकडे तोंड करून म्हणाली. "गोठो साफ करूचो आसतलो. पाखरां काय, कोणाचाच बरा बघवना नाय!"

दादा हातात शेणाचं घमेलं घेऊन उभा होता. तो तिच्याकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. रस्त्यात विचारलं होतं तसंच, पुन्हा एकदा. घमेलं त्याने खाली ठेवलं नाही. पलीकडे वहिनी दारात येऊन उभी राहिली आणि पदराने तोंड दाबलं.

गेल्या वर्षी मी एका चुकीबद्दल गप्प होतो. आता जी त्याने केलीच नाही अशी दुसरी चूक त्याच्यावर चढत होती, आणि तिचा पाया मी घातला होता. यापुढे त्या गोठ्यात, त्या अंगणात, कुठलंही पाखरू मेलं तरी ते दादाच्याच खात्यावर जाणार होतं.

एसटीचा हॉर्न वळणावर वाजला. मी पिशवी स्टुलावर ठेवली.

"अगो, हयसर ये," मी बायकोला म्हणालो. "गडग्याकडे ये. तुकाय ऐकूचा आसा."

"हाफिसाक जायत नाय काय?"

"नाय."

मी बोरीची फांदी उचलली. ती वाळून काडी झाली होती, तरी काटे तसेच होते, तळहातात मोडले. ती बाजूला टाकली आणि उतरत्या चिऱ्यावरून पलीकडे गेलो. वर्षभरानंतर त्या मातीवर पाय ठेवला. दयाळ वाशावरून खरखरत होते. दादासमोर उभा राहिलो आणि तोंड उघडलं तर तेच आलं जे जिभेला सवयीचं होतं.

"दादा, माज्या हातून काय चुकला माकला आसात तर..."

"गाऱ्हाना घालतस?" दादाने मला मध्येच तोडलं. "मगे कोंबो खंय आसा?"

वहिनीच्या तोंडून हसू फुटलं आणि तिने ते परत दाबलं. दादा हसला नाही. तो वाट बघत होता. घमेलं त्याच्या हातात तसंच होतं, जड असणार. मागे गडग्यापाशी बायको येऊन उभी राहिल्याचं मला बांगड्यांवरून कळलं. मी मागे वळलो नाही. मग कर्ता घालून बोललो.

"दादा, गेल्या वर्साक ढोलीत सोडण मियां घातलंय. पिल्लां माज्यामुळे मेली. आळ तुज्यार इलो आणि मी गप ऱ्हवलंय. रस्त्यार तू माका इचारलंस, तेव्हा मी तुज्या तोंडार खोटा बोललंय. तुजी काय एक चूक नाय. माका माफ कर."